मधल्या माणसाचा शब्द

(वाचनासाठी : उत्पत्ती २४:१-९, २ राजे ५:१५-२७, २ करिंथ १:१५-२४, रोम १६:२२)

पवित्र शास्त्रातले धंदे आपल्याला तोंडपाठ आहेत. मेंढपाळ, कोळी, कुंभार, जकातदार, तंबू करणारा, जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया. उपदेशात आणि संडे स्कूलच्या धड्यांत कामाविषयी बोलताना आपण याच धंद्यांचा आधार घेतो, आणि ते योग्यच आहे. पण आज मंडळीतल्या पुष्कळ तरुण-तरुणींचे काम असे झाले आहे की त्याला आपल्या भाषेत धड नावही नाही. घरच्यांना विचारले तर "ऑफिसात आहे" किंवा "कॉम्प्युटरवर बसते" एवढेच उत्तर मिळते. अशाच एका कामाविषयी, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी, येथे विचार करायचा आहे.

सुरत शहराच्या आग्नेय बाजूस लिंबायत, डिंडोली आणि पर्वत पाटिया यांच्या शेजारी गोडादरा ही दाट वस्ती आहे. या भागात खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर या वाटेने येणारी रेल्वे त्यांना येथे घेऊन आली. नवापूरचे स्टेशन निम्मे महाराष्ट्रात व निम्मे गुजरातेत आहे, हे त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पहिली पिढी लूमवर आणि साड्यांच्या मार्केटात राबली. मुले शिकली, सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. आता नातवंडे कचेऱ्यांत बसू लागली आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या कामाला "बॅक ऑफिस" किंवा "सेल्स सपोर्ट" म्हणतात.

खाद्यपदार्थांची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातले हे काम घेऊ. असे कारखाने गुजरातेत बरेच आहेत. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाल्यावर दूध थंड करण्याची व तापवण्याची यंत्रे देशातच व्हावीत ही गरज वाढली, आणि १९७८ साली राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने आणंदजवळच्या विठ्ठल उद्योगनगरात त्यासाठी आय.डी.एम.सी. ही कंपनी उभी केली. फरसाण, वेफर, पापड यांची यंत्रे बनवणारे लहानमोठे कारखानदार राजकोट आणि अहमदाबादकडे आहेत. अशा ठिकाणी गावोगाव फिरून यंत्र विकणारा प्रतिनिधी वेगळा असतो आणि वर्कशॉपमध्ये पत्रा कापणारा, वेल्डिंग करणारा कारागीर वेगळा असतो. या दोघांच्या मध्ये टेबलाशी एक माणूस बसतो. पार्टीची चौकशी आली की कोटेशन तयार करणे, ऑर्डर पक्की झाली की तसे पत्र पाठवणे, ॲडव्हान्स जमा झाला का पाहणे, ड्रॉइंग मंजूर करून घेणे, माल कधी निघेल ते वर्कशॉपला विचारणे आणि पार्टीला कळवणे, हे त्याचे काम. तो स्वतः काही विकत नाही आणि काही घडवतही नाही. एकाचा शब्द दुसऱ्याकडे पोचवतो.

आता प्रश्न असा : जो शब्द मी निर्माण केला नाही, केवळ पोचवला, त्याचा हिशेब माझ्याकडे मागितला जाईल काय?

हा प्रश्न हवेतला वाटू नये म्हणून एक उदाहरण कल्पू या. समजा, गोडादऱ्यात राहणारी आपल्या मंडळीतली एक तरुणी अशा टेबलाशी बसते. जळगाव जिल्ह्यातल्या, केळीच्या मुलखातल्या एका बचत गटाने केळीचे वेफर तळण्याचे यंत्र मागवले आहे. प्रतिनिधीने त्यांना तोंडी सांगितले आहे, चार आठवड्यांत यंत्र मिळेल. वर्कशॉपचा फोरमन म्हणतो, हातात इतकी कामे आहेत की नऊ आठवड्यांच्या आत शक्य नाही. साहेब म्हणतात, "चार लिही. ॲडव्हान्स येऊ दे, मग बघू." पत्र तिने टाइप करायचे आहे. खाली तिचेच नाव आणि तिचाच फोन नंबर जाणार आहे.

पलीकडच्या बाजूला काय आहे तेही पाहिले पाहिजे. तिथे त्या पत्रावर बँकेचे कर्ज अवलंबून असते. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्र सरकारने जी योजना सुरू केली तीत वैयक्तिक उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते, पण ते कर्जाशी जोडलेले होते; आणि यंत्राचे कर्ज मागायचे तर अर्जाला कोटेशन जोडावे लागते. कर्ज मिळाले की व्याज सुरू होते. यंत्र मात्र श्रावणाच्या आधी येणार होते ते नवरात्र उलटल्यावर येते. केळीच्या वेफरची मोठी विक्री उपवासाच्या दिवसांतली, ती गेली. ज्या दहा-बारा बायांनी आपली बचत यात घातली त्यांचे वर्ष बुडाले. "चार" हा एक आकडा टाइप करायला क्षणही लागला नव्हता.

पहिले उत्तर बहुतेकांच्या मनात तयार असते : मी तर तारेसारखी आहे. तारेतून खोटा निरोप गेला म्हणून कोणी तारेला दोष देत नाही. दोष निरोप पाठवणाऱ्याचा.

हे उत्तर पूर्णपणे टाकाऊ नाही. संत अगस्तीनने सुमारे इ.स. ३९५ मध्ये खोटेपणावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने एक महत्त्वाचा भेद केला आहे. शब्द खरा आहे की खोटा एवढ्यावरून माणूस लबाड ठरत नाही. मनात एक असताना तोंडाने दुसरे बोलणारा आणि फसवू पाहणारा तो लबाड. म्हणून चूक असलेली तारीख खरी समजून जिने प्रामाणिकपणे पुढे पाठवली तिला लबाड म्हणता येणार नाही. पण याच भेदाने आपल्या उदाहरणातली तरुणी बांधली जाते. तिने फोरमनचे ऐकले आहे. तारेला निरोपाचा अर्थ कळत नाही, तिला कळतो. अर्थ कळून तो पुढे पाठवला त्या क्षणी तो तिचाही शब्द झाला.

येथे मनुष्य एक पळवाट काढतो. तो म्हणतो, मग मी विचारणारच नाही. वर्कशॉपला फोनच करायचा नाही. मला माहीत नव्हते, असे उद्या खरेपणाने म्हणता येईल. कचेऱ्यांतून ही पळवाट किती वापरली जाते, हे कचेरीत काम केलेल्यांना सांगावे लागत नाही. परंतु नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायातील बाराव्या वचनाचा आशय हाच आहे की, आम्हांला ठाऊक नव्हते असे म्हटले तरी अंतःकरणे तोलणाऱ्याला ते समजते. न कळावे म्हणून काळजी घेणारा माणूस कळलेल्या माणसापेक्षा निर्दोष ठरत नाही. ज्याच्या कामातच चौकशी करणे येते, त्याने चौकशी टाळणे हे त्याच्या कामातले खोटे होय.

मधल्या माणसाचे पाप म्हणजे काय, याचा शास्त्रातला सर्वांत स्पष्ट नमुना गेहजी आहे. संडे स्कूलमध्ये आपण ही गोष्ट लोभाविषयी म्हणून शिकवतो. लोभ तीत आहेच. परंतु त्याने काय केले ते बारकाईने पाहावे. अरामी सेनापती नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारून शुद्ध झाला. त्याने आणलेली भेट अलीशाने घेतली नाही. देवाची कृपा विकत मिळत नाही हे त्या परक्या माणसाला कळावे, असाच त्या नकाराचा अर्थ दिसतो. मग गेहजी मागून धावत गेला आणि म्हणाला की धन्यानेच मला पाठवले आहे. एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशातून दोन तरुण आले आहेत, त्यांच्यासाठी एक किक्कार रुपे आणि दोन पोशाख हवेत. नामानाने आनंदाने दोन किक्कार दिले. त्याची नाराजी नव्हती. पैशाने त्याचे फारसे बिघडलेही नसेल. बिघडले ते दुसरेच. अलीशाचा शब्द खोटा पडला. जी गोष्ट फुकट होती तिला शेवटी किंमत लागतेच, अशी समजूत घेऊन नामान आपल्या देशास जाऊ शकला असता, आणि अलीशाला ते दुरुस्त करता आले नसते.

गेहजीने आपल्या धन्याच्या नावाने धन्याच्या इच्छेविरुद्ध खोटे सांगितले. आपल्या तरुणीला तर साहेबच सांगत आहेत. मग ती निर्दोष नाही काय? फरक आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. जबाबदारीचा मोठा वाटा साहेबांचा. पण गेहजीच्या गोष्टीतून एवढे निश्चित कळते की निरोप्याला दोन बाजूंचा विश्वास सांभाळायचा असतो. ज्याने पाठवले त्याचा आणि ज्याच्याकडे पाठवले त्याचा. दोघे एकमेकांना पाहत नाहीत. दोघेही मधल्यावर विसंबतात. एका बाजूचे मीठ खातो म्हणून दुसऱ्या बाजूला फसवण्याची मोकळीक मधल्या माणसाला मिळत नाही. इफिसकरांच्या पत्रात (४:२५) प्रत्येकाने शेजाऱ्याशी खरे बोलावे असे सांगितले आहे, आणि आपण एकमेकांचे अवयव आहोत हे त्याचे कारण दिले आहे. बचत गटातली ती बाई त्या टेबलाची शेजारीण आहे, मग ती तीनशे किलोमीटरवर का असेना.

दुसरे उत्तर असे असते : बाजारात सगळ्यांना ठाऊक असते की चार म्हणजे सहा-सात. ऐकणाराही तसे धरूनच चालतो. मग फसवणूक कुठे झाली?

सुरतेसारख्या शेकडो वर्षांच्या व्यापारी शहरात या बोलण्याला वजन आहे. प्रत्येक बाजाराची एक बोली असते आणि जाणते ती ओळखतात. पण याच कारणाने हे उत्तर अपुरे पडते. जाणता ओळखतो, अजाण ओळखत नाही. मोठ्या डेअरीचा खरेदी अधिकारी चाराचे सात करून वाचील. पहिल्यांदाच यंत्र घेणारी बाई चार हा आकडा चारच वाचील. म्हणजे बाजाराच्या या रीतीचा सगळा भार जो सर्वांत दुबळा त्याच्या डोक्यावर पडतो. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर दुकानदारांनी घासाघीस सोडून एकच भाव सांगायला सुरुवात केली, ती प्रभूने डोंगरावरील प्रवचनात होय आणि नाही यांविषयी दिलेल्या शिकवणीमुळे (मत्तय ५:३७). परिणाम असा झाला की लोक लहान मुलालाही त्यांच्या दुकानी पाठवू लागले. व्यवहार खरा आहे की नाही याची ही चांगली परीक्षा आहे : ज्याला बाजार कळत नाही असा माणूस येथे सुरक्षित आहे काय?

मग तारीख कधी चुकूच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वीज जाते, पत्रा वेळेवर येत नाही, कारागीर गावी जातो. याकोबाने आपल्या पत्रात (४:१३-१५) अमक्या गावी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असे ठामपणे बोलणाऱ्यांना उद्याचा दिवस आपल्या हाती नाही याची आठवण दिली आहे. आणि खुद्द पौलाची तारीख चुकली होती. करिंथास येतो असे ठरवून तो गेला नाही, तेव्हा हा माणूस एकदम होय आणि नाही म्हणतो, असा ठपका तेथल्या लोकांनी ठेवला. पौलाने त्याला दिलेले उत्तर प्रत्येक सेल्स सपोर्टवाल्याने वाचावे. बेत करताना माझ्या मनात दुटप्पीपणा नव्हता असे तो सांगतो. बेत का बदलला ते कारण सांगतो. आणि बदल त्यांच्याच भल्यासाठी होता हेही सांगतो. योजना बदलणे हे खोटे बोलणे नव्हे. पाळता येणार नाही हे आधीच ठाऊक असताना दिलेली तारीख हे खोटे. आणि बदललेली तारीख समजूनही गप्प राहणे, पार्टीचा फोन न उचलणे, हेही त्याचेच भावंड. "देवाची इच्छा असेल तर" हे शब्द आपण पत्रिकांवर छापतो. नऊ आठवडे लागणार हे माहीत असताना चार लिहून त्यापुढे हे शब्द जोडणे म्हणजे देवाच्या नावावर आपला हलगर्जीपणा टाकणे होईल.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. काही प्रामाणिक तरुणांना वाटते की खरेपणा म्हणजे सगळ्यांना सगळे सांगणे. तसे नाही. यंत्राची मूळ किंमत किती पडते, दुसऱ्या पार्टीला किती सूट दिली, कोणाचे ड्रॉइंग कसे आहे, या गोष्टी कंपनीच्या आणि त्या-त्या गिऱ्हाइकाच्या आहेत. त्या बाहेर न सांगणे हा विश्वासूपणाच आहे. चहाडखोर गुपिते फोडतो आणि विश्वासू माणूस ती झाकतो, असाच नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातील तेराव्या वचनाचा अर्थ आहे. "ते मला सांगता येणार नाही" हे वाक्य खरे आहे. "तसे काही नाहीच" हे खोटे आहे. या दोहोंतला फरक ज्याला कळला त्याला निम्मे काम कळले.

आतापर्यंत खोटे न बोलण्याविषयी झाले. पण मधल्या माणसाकडून प्रीती याहून अधिक मागते : तिने विचारले पाहिजे. अब्राहामाचा वयोवृद्ध सेवक याचा नमुना आहे. इसहाकासाठी वधू आणण्याची शपथ धनी घ्यायला सांगतो, तेव्हा शपथ घेण्यापूर्वी तो विचारतो, ती मुलगी यायला तयार झाली नाही तर काय करू? अब्राहाम रागावत नाही. तसे झाले तर तू शपथेतून मोकळा, असे स्पष्ट करतो. मग सेवक शपथ घेतो. आधी प्रश्न, मग वचन, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यंत्राच्या बाबतीत हे प्रश्न अगदी साधे असतात. तुमच्याकडे थ्री-फेज वीज आहे का? ताशी किती किलो माल काढायचा आहे? पदार्थात मीठ किंवा आंबट किती? यातला शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो अन्न खाणाऱ्यांशी जोडलेला आहे. स्टेनलेस स्टील सगळे दिसायला सारखेच. ३०४ नंबरच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ नंबरमध्ये महागडे निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते स्वस्त पडते, पण गंजाला तितके टिकत नाही. ३१६ नंबरमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून खारट पदार्थांना ते अधिक चांगले. लोहचुंबक लावून २०२ आणि ३०४ यांतला फरक ओळखता येत नाही. घेणाऱ्याला तो डोळ्यांनी दिसत नाही, चमक सारखीच असते. फरक असतो तो फक्त कोटेशनवर टाइप केलेल्या आकड्यात, आणि तो आकडा मधला माणूस टाइप करतो. म्हणून २०२ लावून ३०४ लिहिणे हे खोटे वजन आहे. नियमशास्त्राने पिशवीत दोन तऱ्हेची वजने ठेवायला मनाई केली (अनुवाद २५:१३-१५), आणि माप लहान व नाणे मोठे करणाऱ्यांविरुद्ध आमोस संदेष्ट्याने आवाज उठवला (८:५). त्यांच्या काळी तराजू होता, आज कोटेशन आहे.

आपल्या देशाचा कायदाही येथे शास्त्राच्या बाजूला येऊन उभा राहतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे, घेणाऱ्याने आपला उपयोग विक्रेत्याला कळवला असेल आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून, त्याच्या नेहमीच्या धंद्यातला माल घेतला असेल, तर सर्वसाधारणपणे माल त्या उपयोगाला योग्य असला पाहिजे ही अट न लिहिताही धरली जाते. आणि उपयोग कळवला जातो तो कोणाला? बहुधा फोन उचलणाऱ्या मधल्या माणसाला. बाईने "लोणच्यासाठी पाहिजे" असे सांगितले आणि ते तिने कागदावर नोंदवले नाही, तर कंपनीचे कान बंद करण्याचे काम तिने केले.

कधी मोह उलट बाजूने येतो. पार्टीच म्हणते, यंत्र सहा लाखांचे आहे, कोटेशन आठ लाखांचे द्या, म्हणजे कर्ज आणि अनुदान जास्त मिळेल. यात गिऱ्हाईक खूश, साहेब खूश. नुकसान कोणाचे दिसत नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातला अन्यायी कारभारी आठवावा. त्याने धन्याच्या देणेकऱ्यांना बोलावून त्यांच्याच हाताने त्यांचे खत बदलायला लावले : शंभराचे पन्नास, शंभराचे ऐंशी. आपल्याकडे आकडा वाढतो, तिथे घटला, एवढाच फरक. प्रभूने त्याच्या दूरदृष्टीकडे बोट दाखवले. त्याच्या कागदाला खरे म्हटले नाही, आणि लगेच पुढे थोडक्यात अविश्वासू असणारा पुष्कळातही अविश्वासू असतो हा विषय काढला. वाढीव कोटेशनातला तो जास्तीचा पैसा कोणाचा तरी असतोच. तो जनतेचा असतो, आणि पुढच्या खऱ्या अर्जदाराचा असतो.

हे काम केवळ मोहांनीच भरलेले आहे असे मात्र कोणी समजू नये. अन्नाचे यंत्र ही चांगली वस्तू आहे. एक जुना दाखला देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये कोको विकत तेव्हा त्यातली चरबी लपवण्यासाठी पिठूळ पदार्थ मिसळत. हॉलंडमध्ये १८२८ साली व्हान हाउटेन यांच्या नावे चरबी काढण्याच्या दाबयंत्राचे पेटंट झाले होते. बर्मिंगहॅमच्या कॅडबरी बंधूंनी, जे क्वेकर होते, ते यंत्र आणले आणि १८६६ साली भेसळ नसलेला कोको बाजारात ठेवला. त्या शुद्ध मालामागे यंत्र होते, आणि यंत्र विकत घेण्यामागे कोणी तरी केलेला खरा पत्रव्यवहार असणारच. पण याच घराण्याचा पुढचा इतिहासही सांगितला पाहिजे. त्यांना मिळणारा काही कोको साओ तोमे बेटांवर गुलामांसारख्या राबवलेल्या मजुरांकडून येतो, हे १९०१ साली त्यांच्या कानावर आले. चौकशी, पत्रे, माणूस पाठवून पाहणी असे करत खरेदी थांबायला १९०९ साल उजाडले. प्रामाणिक माणसांनाही कागदावरून आलेले दूरचे दुःख खरे मानायला आठ वर्षे लागली. टेबलाशी बसणाऱ्यांनी हे दोन्ही दाखले जवळ ठेवावेत.

आता सर्वांत कठीण हरकत उरते. हे सगळे बोलायला सोपे आहे. नोकरी गेली तर घरभाडे कोण भरणार? गोडादऱ्यात एका खोलीत चौघे-पाचजण राहतात, गावी आईबापांना पैसे पाठवायचे असतात, मुलांची फी असते. ही हरकत खरी आहे. तिला वचने फेकून उत्तर देणे निर्दयपणाचे होईल.

तरी दोन गोष्टी म्हणता येतात. पहिली, सरळ नकार आणि मुकाट खोटे यांच्यामध्ये बरीच जागा असते, आणि ती शोधणे हे या कामातले शहाणपण आहे. "साहेब, फोरमन नऊ म्हणतात. सात ते नऊ लिहू का, आणि श्रावणाआधी त्यांना काय देता येईल ते विचारू का?" असा प्रश्न बहुतेक साहेब ऐकून घेतात, कारण चुकलेल्या तारखेची भांडणे शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात. तोंडी हुकूम कागदावर आणला की पुष्कळदा तो हुकूम आपोआप नरम होतो. दुसरी गोष्ट, एवढे करूनही एखाद्या दिवशी तिला म्हणावे लागेल की माझ्या नावाने हे पत्र जाणार नाही. तेव्हा किंमत पडू शकते. ती किंमत तिने एकटीने भरावी असे म्हणण्याचा अधिकार मंडळीला नाही. दुःखी बांधवाला आपण धान्य देतो, दवाखान्यात भेटायला जातो. खरे बोलल्यामुळे ज्याची नोकरी अडचणीत आली त्याच्यासाठी पंच कमिटीने कधी बैठक घेतली आहे काय? दुसऱ्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकला आहे काय? खरेपणाचा उपदेश करणाऱ्या मंडळीने खरेपणाच्या खर्चात वाटा उचलला पाहिजे. नाही तर आपणही पाळता न येणारी तारीख देणाऱ्यांपैकीच होऊ.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. गेहजीचा धडा घेताना मुलांना एवढेच विचारावे : तुझ्या आईने शेजारच्या काकूंना निरोप द्यायला सांगितला आणि तो खरा नाही हे तुला माहीत आहे, तर तू काय करशील? मुले या प्रश्नावर भांडतील, आणि भांडू द्यावे. त्यांतली पुष्कळ मोठी होऊन मधल्या टेबलाशीच बसणार आहेत. मंडळीच्या प्रार्थनेतही शेतकरी, शिक्षक, परिचारिका यांच्याबरोबर या मधल्या माणसांची आठवण व्हावी.

रोमकरांस पत्र पौलाचे आहे हे आपण सगळे जाणतो. पण ते कागदावर उतरवणारा हात दुसऱ्याचा होता. सोळाव्या अध्यायात बाविसाव्या ओळीला तो लेखनिक एकदाच डोके वर काढतो, आपले नाव तर्तिय असे सांगतो आणि प्रभूमध्ये सलाम कळवतो. एवढीच त्याची हकीकत. शब्द त्याचे नव्हते, विचार त्याचा नव्हता. तरी जे लिहिले त्याच्याखाली आपले नाव घालायला त्याला संकोच वाटला नाही, आणि रोमच्या मंडळीला तो अनोळखी यंत्रासारखा न राहता भाऊ म्हणून भेटला. आपल्या बंधु-भगिनींनी पाठवलेल्या प्रत्येक कोटेशनखाली, प्रत्येक तारखेखाली त्यांचे नाव तसेच मोकळेपणाने उभे राहावे, अशी कृपा प्रभू त्यांना देवो. आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे धैर्य आपणा सर्वांना देवो.